कपाटाचं माप वलणीवर

मागच्या जुलैत एका रात्री साडेदहाला ठाण्याहून भाचीचा फोन आला. "आत्या, उद्या घालून जायला माझ्याकडं एकही सुकलेला कुर्ता नाही गं." आवाज रडवेला होता. चार दिवस ऊन पडलं नव्हतं. गॅलरीतले कपडे घरात येऊन खुर्च्यांच्या पाठींवर पसरले होते, वर पंखा फिरत होता, आणि तरी हाताला सगळं गारच लागत होतं. दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडं कपड्यांची अशी चणचण नव्हती. मे महिन्यात ती एका कार्यशाळेला जाऊन आली, आणि त्याच आठवड्यात दोन मोठ्या बॅगा भरून कपडे घराबाहेर गेले.

त्या कार्यशाळेत तिला चार सूत्रं मिळाली होती. एक, माणसाला ३३ कपडे पुरतात. दोन, ते काळ्या, पांढऱ्या, राखाडी आणि बिस्किटी रंगांतले असावेत, म्हणजे कशावरही काहीही चालतं. तीन, वर्षभरात जे अंगाला लागलं नाही ते काढून टाकावं. चार, थोडं घ्यावं, पण महागातलं घ्यावं. हीच सूत्रं आता पुरवण्यांत वाचायला मिळतात, व्हिडिओंत ऐकायला मिळतात, आणि ती ऐकून शहाण्यासुरत्या बायका स्वतःच्या कपाटासमोर अपराध्यासारख्या उभ्या राहतात. माझं म्हणणं असं की ही चारही सूत्रं आपल्या हवेला, आपल्या घरांना आणि आपल्या वर्षाला लागू पडत नाहीत. ती सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण चुकीच्या मापानं बेतलेला कपडा चांगल्या हेतूनं अंगाला बसत नसतो.

त्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. आपण गरजेपेक्षा जास्त कपडे घ्यायला लागलो आहोत. पूर्वी दिवाळी, लग्नकार्य आणि शाळेची सुरुवात हे खरेदीचे दिवस होते. आता फोन हातात असतो तो प्रत्येक क्षण खरेदीचा झाला आहे. दोन धुण्यांत पिळा पडणारे टी-शर्ट, शिवणीत उसवणाऱ्या लेगिंग्ज, एकदाच घातलेले ड्रेस यांनी कपाटं भरली आहेत आणि तरी सकाळी "घालायला काही नाही" हे वाक्य संपलेलं नाही. दुखणं खरं आहे. माझा वाद औषधाशी आहे.

पहिलं सूत्र आकड्याचं. हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या कोर्टनी कार्व्हर यांनी २०१० मध्ये 'प्रोजेक्ट ३३३' नावाचा प्रयोग मांडला: ३३ वस्तू, तीन महिने. त्या ३३ मध्ये कपड्यांबरोबर चपला-बूट आणि दागिनेही येतात. आतले कपडे, झोपायचे, घरात घालायचे आणि व्यायामाचे कपडे मोजणीतून वगळलेले आहेत. उरलेलं सामान खोक्यात बंद करून बाजूला ठेवायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा निवड करायची, असा तो प्रयोग आहे. म्हणजे मूळ सांगणारीनंसुद्धा ऋतूप्रमाणे कपाट बदलायला वाव ठेवला होता. त्याही आधी, १९७० च्या दशकात, लंडनच्या सुझी फॉ यांनी आपल्या दुकानातून 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना रुजवली, तिच्यातही मोजके टिकाऊ कपडे आणि त्यांना मोसमाप्रमाणे जोड असा विचार होता. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला. त्यात बॉडीसूट होता, कॅशमियर लोकरीचा स्वेटर होता. न्यूयॉर्कच्या नोकरदार बाईची ती खरी गरज होती आणि त्या संचानं ती चोख भागवली. दादरला मे महिन्यात कॅशमियरचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हता, आणि तो त्यांनी सोडवायचं कारणही नव्हतं. तो आपला प्रश्न आहे. आपण मात्र तो न सोडवता त्यांचं उत्तर उचललं, आणि उचलताना त्यातला ऋतू गाळला.

माझी आजी कपड्यांचा हिशेब तीन शब्दांत सांगायची: एक अंगावर, एक वलणीवर, एक घडीत. पुष्कळांना हे गरिबीचं वर्णन वाटतं. मला त्यात गणित दिसतं. प्रत्येक कपडा कुठल्याही क्षणी या तीनपैकी एका जागी असतो, आणि आपल्याला किती कपडे लागतात हे वलणीवरचा मुक्काम किती लांबतो यावर ठरतं.

भाचीपुरतं हे गणित करून पाहू. ती रविवारी आणि बुधवारी रात्री कपडे धुते, म्हणजे दोन धुण्यांमध्ये जास्तीत जास्त चार दिवस जातात. कोरड्या दिवसांत धुतलेलं दुसऱ्या दिवशी सुकतं आणि इस्त्रीवाल्याकडून एका दिवसात परत येतं. चार, एक आणि एक मिळून सहा जोड पुरतात. आता जुलै घ्या. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पाऊस थांबला तरी हवा ओलीच असते. सुती कुर्ता सुकायला दोन दिवस लागतात, जीन्सला तीन. चार, तीन आणि इस्त्रीचा एक म्हणजे आठ; स्टेशनवरून येताना भिजलेल्या आणि चिखल उडालेल्या दिवसांसाठी दोन जादा, म्हणजे दहा. बाई तीच, नोकरी तीच, आणि गरज सहावरून दहावर गेली. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा पातळ सुती कपडा दोरीवर टाकून वळेपर्यंत सुकतो, पण घामामुळं दिवसातून दोनदा बदलावा लागतो. महाबळेश्वरचं गणित वेगळं, सोलापूरचं वेगळं. ज्या घरी कपडे सुकवायचं यंत्र आहे त्याचं वेगळं, आणि ज्या घरी खिडकीबाहेरची चार फुटांची दांडी हीच काय ती जागा, त्याचं अगदीच वेगळं. या सगळ्यांना एक आकडा सांगणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देणं आहे.

दुसरं सूत्र रंगांचं. काळा, पांढरा, राखाडी, बिस्किटी हे रंग एकमेकांत सहज मिसळतात, हे खरं. पण कपडा फक्त दुसऱ्या कपड्याशी जुळून भागत नाही, तो रस्त्याशीही जुळावा लागतो. पावसाळ्यात पांढऱ्या सलवारीच्या मागं पोटरीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडतात आणि ते डाग धुऊन पूर्ण जात नाहीत. फिका बिस्किटी कपडा भिजला की पारदर्शक होतो; लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काळा कपडा ऊन ओढून घेतो आणि त्यावर घामाचे पांढरे चट्टे उमटतात. आपल्याकडं रोजच्या वापरातली लुगडी आणि पातळं चौकटीची, पट्ट्यांची, बारीक फुलांची असायची, त्यात कारागिराच्या हौसेइतकीच वापराची अक्कल होती. नक्षीत डाग लपतो, चुरगळ लपते, रंगाचं उतरणंही लपतं.

आणि जुळवाजुळवीचं म्हणाल, तर तेही शास्त्र आपल्या घरांत आहेच. पाच ब्लाउजांवर वीस साड्या निभावणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले. एक काळा, एक मरून, एक हिरवा, एक मोतिया, एक सोनेरी. साडीच्या अंगाशी ब्लाउज जुळवायचा हट्ट त्या धरत नसत. काठातला किंवा पदरातला एक रंग उचलत. या पद्धतीत रंग टाकून द्यावे लागत नाहीत. कुर्ते आणि सलवारींनाही ती लागू पडते: तीन-चार सलवारी किंवा पँट अशा रंगांच्या ठेवा, जे रंग तुमच्या बहुतेक कुर्त्यांच्या नक्षीत कुठं ना कुठं आहेत. शिवाय आपलं वर्ष रंगांनी बोलतं. संक्रांतीला काळं लागतं, हळदीला पिवळं, नव्या नवरीला हिरवं, मयताला जाताना फिकं आणि साधं. राखाडी कपाटाची मालकीण वर्षातून दहादा बाजारात धावते, आणि तेव्हा जे घेते ते घाईत घेते.

नवरात्रातल्या नऊ रंगांबद्दल इथंच बोलते, कारण मला विचारलं जाईलच. वर्तमानपत्रांनी रुजवलेल्या या प्रथेत एकाच रंगात उभ्या राहिलेल्या बायकांचा आनंद मी लोकलच्या डब्यात आणि ऑफिसांत पाहिला आहे, आणि तो खरा आनंद आहे. पण त्यासाठी दरवर्षी नव्यानं खरेदी करायची गरज नाही. मोरपंखी शेजारणीकडं असतो, जांभळा जावेकडं. साड्या नऊ दिवस घराघरांतून फिरू द्याव्यात. कपाट एकटीचं असावं लागतं ही कल्पनाही तशी नवीच आहे.

तिसरं सूत्र मला सगळ्यात जास्त खुपतं: वर्षात वापरलं नाही ते टाका. हे सांगणाऱ्याला 'ठेवणीतलं' हा शब्द माहीत नसावा. ठेवणीतल्या कपड्याचं काम रोज अंगावर यायचं नसतं. आईची पैठणी तीन वर्षं मलमलच्या फडक्यात गुंडाळून राहते, मधूनमधून तिची घडी बदलावी लागते, नाही तर घडीच्या रेघेवर रेशीम कापलं जातं. चौथ्या वर्षी घरात लग्न निघतं आणि ती बाहेर येते. त्या तीन वर्षांत ती निरुपयोगी होती असं म्हणायचं का? साडीला माप नसतं, म्हणून ती आईकडून मुलीकडं आणि जावेकडून जावेकडं जाऊ शकते. बदलतो तो ब्लाउज. नव्या साडीची घडी मोडायला ती बहिणीला किंवा नणंदेला द्यायची रीत आहे, तिच्यात मालकीपेक्षा नात्याला जास्त जागा आहे. वर्षाच्या कात्रीनं हे सगळं एका झटक्यात कापलं जातं.

शरीरही वर्षाच्या हिशेबानं चालत नाही. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, पन्नाशीच्या आसपास बाईचं अंग बदलतं आणि काही वेळा परतही येतं. अशा वेळी सगळे जुने कपडे काढून टाकायला लावणं हे तिला दुप्पट खर्चात आणि वर दुःखात लोटणं आहे.

वर्षाऐवजी कारण विचारावं. हा कपडा मी का घातला नाही? उत्तरं चारच निघतात. प्रसंग आला नाही: मग तो नीट घडी करून ठेवावा. दुरुस्ती हवी आहे, हूक तुटला आहे, फॉल उसवला आहे, चेन अडकते: मग तो या रविवारी शिंप्याकडं जावा. माप बदललं आहे: आत कापड असेल तर उसवून मोकळा करून घ्यावा, नसेल तर ज्याला बसेल त्याला द्यावा. आवडतच नाही, टोचतो, चढतो, सारखा ओढावा लागतो: तो मात्र आजच काढावा. पण काढताना तो का घेतला होता हे लिहून ठेवावं, कारण तीच चूक पुढच्या खरेदीत दबा धरून बसलेली असते.

चौथं सूत्र महागाचं. किंमत म्हणजे टिकाऊपणा नव्हे. किमतीत दुकानाचं भाडं असतं, जाहिरात असते, नाव असतं. कापड किती असतं ते हातात घेऊन पाहावं लागतं. पाहायचं काय? कोरडा वाटणारा सुती कपडाही सामान्य हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो आणि उन्हाळ्यात सुखाचा वाटतो; पॉलिएस्टर पावसाळ्यात लवकर सुकतो पण घामाचा वास धरून ठेवतो. दोन्हींना जागा आहे, आणि मिश्र कापडालाही आहे. सुताचा धागा ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो. याउलट आज कुर्त्यांमध्ये सर्रास येणारा रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, ओला असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. असा कुर्ता पिळून, खांद्यांना चिमटे लावून टांगला की तो लोंबतो आणि विरतो, मग तो सहाशेचा असो की तीन हजारांचा. तो न पिळता आडवा पसरून सुकवला तर जास्त टिकतो. हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, आणि कार्यशाळेतही सांगत नाहीत.

याहून मोठी गोष्ट शिवणीची. तयार कपडा उलटा करून बघा: शिवणीच्या आत किती कापड सोडलं आहे? आमच्या शिंप्यांच्या भाषेत ते मार्जिन. ते इंचभर असेल तर कपडा तुमच्याबरोबर वाढेल. पाव इंचाचं असेल तर पुढच्या दिवाळीत तो तुम्हाला सोडून जाईल. पुरुषांच्या शर्टाची कॉलर घासून विरली की शिंपी ती उसवून, उलटवून पुन्हा बसवायचा आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. रफू करणारा भोक असं बुजवायचा की जागा शोधावी लागे. हे कारागीर अजून आहेत. गल्लीच्या तोंडाशी एक मशीन टाकून बसलेले असतात. ज्याला समतोल कपाट हवं आहे, त्यानं महागड्या दुकानाच्या आधी चांगला शिंपी शोधावा.

पारखायचं कसं हे मला बोहारणीनं शिकवलं. दुपारी भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसायची. आई चार साड्या आणि बाबांची एक पँट पुढं करायची. बोहारीण प्रत्येक साडी उलगडून उजेडाकडं धरायची, विरलेली जागा बोटानं दाखवायची, काठ ओढून बघायची, पँटचा बसण्याचा भाग तळहातावर ताणायची. पुढं ते कपडे दुरुस्त होऊन कुणाच्या तरी अंगावर जाणार असत, म्हणून ती इतकी बारकाईनं बघायची. मग पातेलं की परात यावर घासाघीस. त्या व्यवहारात जुन्या कपड्याला किंमत होती. जे बोहारीणही घेत नसे त्याची गोधडी व्हायची, गोधडीत न बसणाऱ्या तुकड्यांची फडकी. आज आपण पेटीत कपडे टाकतो आणि त्याला दान म्हणतो. पूरग्रस्तांसाठी मदत गोळा होते तेव्हा "वापरलेले कपडे पाठवू नका" असं आवाहन पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण फाटके, डागाळलेले ढीग येऊन पडतात. हरियाणातल्या पानिपतमध्ये देशोदेशींचे जुने लोकरी कपडे फाडून, कातून त्यांची ब्लँकेटं होतात. तो मोठा उद्योग आहे, पण पॉलिएस्टर-मिश्रित स्वस्त कापडाचं असं पुनरुज्जीवन अवघड जातं. कपाट रिकामं केल्यानं ओझं नाहीसं होत नाही. ते दुसऱ्याच्या दारात जातं.

शेवटचा मुद्दा साधेपणाचा, कारण कमी कपड्यांच्या बाजूनं गांधीजींचं नाव हमखास घेतलं जातं. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुरैत गांधीजींनी पंचा नेसला, तो देशातल्या ज्या माणसांना त्याहून जास्त मिळत नव्हतं त्यांच्याशी बांधलेली गाठ म्हणून. त्यांचा खरा प्रश्न कपडे किती हा नव्हता. कापड कुणी कातलं, कुणी विणलं, पैसा कुणाच्या हाती गेला, हे ते विचारत होते. कमी कपड्यांच्या चार सूत्रांत हा प्रश्न कुठंच नाही. आणि त्याच दशकात, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, ज्या दागिन्यांवरून जात ओळखली जाते ते टाका, स्वच्छ राहा. ज्यांना चांगलं नेसण्याचीच मनाई होती, त्यांच्या कपाटातली दहावी साडी ही हाव नसते. पिढ्यांनंतर उभी राहिलेली मान असते. बाबासाहेबांचा नीटनेटका सूट हेही एक विधान होतं. म्हणून "कमी म्हणजे थोर" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी बघावं की आपण हे कुणाला सांगतो आहोत. भरलेल्या कपाटाचा कंटाळा ही ज्यांचं कपाट कधीच रिकामं नव्हतं त्यांची तक्रार आहे.

मग करायचं काय? कपाटाचे आकड्यानं नव्हे, कामानं भाग पाडावेत: कामावर जायचे, घरातले, पावसाचे, ठेवणीतले, आणि प्रवासाचे किंवा थंडीचे. पहिल्या भागाचं माप वलणीच्या गणितानं काढावं, कारण रोजचे हाल तिथंच होतात. ठेवणीतल्यांचं माप आपल्या वर्षातल्या कार्यांवरून. नवीन कपडा घेताना तो उजेडाकडं धरावा, उलटा करून शिवण बघावी, मुठीत दाबून चुरगळ किती राहते ते पाहावं, आणि किमतीला आपण तो किती वेळा घालू त्या संख्येनं भागावं. सहाशेचा कुर्ता सहा वेळा घालून फाटला तर दर वेळी शंभर रुपये पडले. दोन हजारांचा शंभर वेळा घातला तर वीसच. आणि शंभर वेळा घातलेला सहाशेचा कुर्ता सहा रुपयांत पडतो. असा कुर्ता मिळतो, फक्त तो पारखणारे डोळे लागतात.

भाचीला त्या रात्री मी इस्त्री गरम करून एक कुर्ता उलट्या बाजूनं सुकवायला सांगितला आणि पुढच्या रविवारी तिच्याकडं गेले. बरोबर नेलेल्या पिशवीत माझे तीन कुर्ते होते, तिच्या मापाला आत घेता येतील असे. ती वही-पेन घेऊन बसली होती आणि कपाट उघडं होतं. मी तिला कपाट मिटायला सांगितलं. आम्ही गॅलरीत गेलो. तिथं तीन दोऱ्या होत्या, छताला एक वर-खाली होणारी दांडी होती, आणि पावसाचं पाणी दुसऱ्या दोरीपर्यंत येत होतं. तिनं वहीत पहिली नोंद केली ती दोऱ्यांची: पावसात किती कपडे मावतात, किती दिवसांत सुकतात. बाकीचा हिशेब तिचा तिला जमला.